फोनची बटणं गेली कुठे? घरातल्या मोठ्यांसाठी टचस्क्रीन समजून घेताना

परवा रात्री साडेनऊच्या सुमारास मावशीचा फोन आला, तोही काकांच्या नंबरवरून, तेव्हाच कळलं की काहीतरी बिनसलंय. आवाज रडवेला. "अगं माझा फोन आपोआप बोलायला लागलाय, जिथे हात लावावा ते वाचून दाखवतो, आणि उघडत काहीच नाही, व्हायरस आलाय का गं?" संध्याकाळी ती कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानात पण जाऊन आली होती आणि तिथल्या मुलाने सांगितलं की सगळं पुसून सॉफ्टवेअर नव्याने टाकावं लागेल, ७०० रुपये होतील आणि फोटो जातील. फोटो म्हणजे नातीच्या बारशाचे.

मी म्हटलं मावशी, फोनच्या बाजूला आवाज कमी-जास्त करायचं लांबट बटण आहे ना, त्याची वरची आणि खालची दोन्ही टोकं एकदम दाबून धर आणि तीन आकडे मोज. एक, दोन, तीन. फोन एकदाच काहीतरी पुटपुटला आणि गप्प झाला. पलीकडे मिनिटभर कुणीच बोललं नाही.

झालं काय होतं, तर अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक नावाची एक सोय असते, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी. बोट जिथे जाईल तिथे काय लिहिलंय ते फोन मोठ्याने वाचतो. ती चटकन चालू करता यावी म्हणून बऱ्याच फोनमध्ये आवाजाची दोन्ही बटणं तीन सेकंद दाबायचा शॉर्टकट असतो, आणि मावशीने दुपारी भजनाचा व्हिडिओ बघायला फोन स्टँडच्या चिमट्यात अडकवला होता, चिमटा बरोबर त्या बटणांवर बसला, स्क्रीनवर एक चौकट आली आणि तिने घाईत ओके दाबलं. टॉकबॅक चालू असताना फोनची बोटांची भाषाच बदलते, एकदा टेकवलं तर नुसतं वाचून दाखवतो, उघडायचं असेल तर पटापट दोनदा टकटक करावं लागतं, आणि स्क्रीन वरखाली सरकवायला एक बोट चालत नाही, दोन लागतात. हे माहीत नसेल तर फोन बिघडला असंच वाटणार ना. अंध माणसाला हीच सोय डोळ्यांच्या जागी आहे, म्हणून ती वाईट म्हणून नाही सांगत, पण ती आहे आणि कशी बंद होते हे घरातल्या प्रत्येकाला माहीत पाहिजे.

त्या रात्रीपासून डोक्यात घोळतंय की आपण मोठ्या माणसांना फोन शिकवतो म्हणजे नक्की काय करतो? त्यांच्या हातातून फोन घेतो, टकटक टकटक करतो, "हे बघ झालं" म्हणून परत देतो. त्यात त्यांना दिसतं काय, तर आपला अंगठा. जुन्या फोनला हिरवं बटण होतं, लाल बटण होतं, आकडे उठावदार होते, अंधारात चाचपून कळायचे. आता समोर नुसती काच. बटणं कमी झाली म्हणून फोन सोपा झाला असं आपण समजतो, पण बटणं गेली नाहीयेत, ती दिसेनाशी झालीयेत, आणि ती कुठे आहेत हे कुणीतरी सावकाश बसून सांगावं लागतं. म्हणून हे लिहितेय. मुख्यतः अँड्रॉइडबद्दल, कारण आमच्या घरात सगळ्यांकडे तोच आहे.

आधी बाजूची खरी बटणं घेऊ, कारण ती हाताला लागतात. छोटं असतं ते पॉवरचं. ते एकदा हलकं दाबलं की स्क्रीन काळा होतो, पण फोन बंद होत नाही, तो नुसता डोळे मिटतो, कॉल आला की वाजतोच. बऱ्याच जणांना वाटतं आपण फोन बंद करून ठेवला. खरोखर बंद करायचा तर पूर्वी तेच बटण दाबून धरलं की बंद करू का, परत चालू करू का असं विचारायचा. २०२१ ला अँड्रॉइड १२ आलं आणि तिथून बऱ्याच फोनमध्ये हे बदललं, आता ते बटण दाबून धरलं की बोलणारा असिस्टंट उघडतो, आणि बंद करायची पाटी हवी असेल तर पॉवर आणि आवाज वाढवायचं बटण एकदम दाबावं लागतं. पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकदम दाबलं तर स्क्रीनचा फोटो निघतो. माझ्या आईच्या गॅलरीत असे पंचेचाळीस फोटो होते, सगळे नुसत्या घड्याळाच्या स्क्रीनचे, फोन उचलताना मूठ आवळली जायची म्हणून.

या पॉवर बटणाची एक गोष्ट मात्र फार कामाची आहे. फोन पूर्ण अडकला, काच कितीही दाबली तरी ढिम्म, अशा वेळी हे बटण दहा-पंधरा सेकंद, कधी वीस सेकंदसुद्धा, न सोडता दाबून धरायचं. काही फोनला सोबत आवाज कमीचं बटण पण दाबावं लागतं. फोन आपोआप बंद होऊन परत चालू होतो. आता काच ऐकत नसताना हे बटण कसं ऐकतं? तर काचेवर बोट ठेवल्यावर ते समजून घ्यायचं काम फोनमधलं सॉफ्टवेअर करतं, आणि तेच अडकलेलं असतं. पॉवरच्या बटणाची तार मात्र थेट वीज वाटणाऱ्या चिपकडे जाते, आणि बटण इतका वेळ दाबलेलं आहे एवढं बघून ती चिप फोनचा पुरवठाच तोडते आणि परत देते, घरात सगळं अडलं की आपण मेन स्विच पाडून परत चढवतो तसं. याने फोटो, नंबर काही जात नाही, फार तर अर्धवट टाइप केलेला मेसेज जाईल. बॅटरी काढता यायची तेव्हा आपण बॅटरी काढायचो, त्याच्या जागी आता हे आहे.

काही फोनमध्ये याच बटणावर बोटाचा ठसा घेतात. ज्यांनी आयुष्यभर भांडी घासली, शेतात काम केलं, त्यांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात आणि फोन ठसा घेतच नाही, मग ते बिचारे परत परत बोट लावत बसतात. तेच बोट दोनदा वेगवेगळं म्हणून नोंदवून ठेवा, एकदा सरळ आणि एकदा थोडं तिरकं, पुष्कळ फरक पडतो.

आता आवाज. "मला फोन आलेला ऐकूच येत नाही गं" ही तक्रार घराघरात आहे आणि तिचं कारण बहुतेकदा एकच, फोनमध्ये आवाज एक नसतो, रिंगचा वेगळा, गाण्या-व्हिडिओचा वेगळा, अलार्मचा वेगळा, बोलताना कानात येणारा वेगळा. आणि बाजूचं बटण एकच. २०१८ च्या अँड्रॉइड ९ पासून बहुतेक फोनमध्ये एरवी हे बटण दाबलं की व्हिडिओचाच आवाज बदलतो. म्हणजे आजोबा पट्टी पूर्ण वर नेतात, समाधान मानतात, आणि रिंग बिचारी तळालाच राहते. बटण दाबल्यावर जी उभी पट्टी दिसते तिच्या वर किंवा खाली तीन टिंबं किंवा एक छोटं चिन्ह असतं, ते दाबलं की सगळ्या पट्ट्या शेजारी शेजारी दिसतात, एकदा त्या दाखवा त्यांना, कुठली कशाची ते. आणि उलटं पण सांगा, देवळात कीर्तनाला बसलोय आणि फोन खणखणायला लागला, तर खिशात हात घालून आवाजाचं कुठलंही टोक एकदा दाबायचं, रिंग गप्प होते, कॉल कापला जात नाही, समोरच्याला वाजत असल्यासारखंच ऐकू येतं.

खालच्या तीन आकृत्यांकडे येऊ, त्रिकोण, गोल आणि चौकोन. यांचा इतिहास माहीत असला तर गोंधळ का होतो ते कळतं. २००७ ला पहिला आयफोन आला त्याला पुढे एकच गोल बटण होतं, काहीही झालं तरी ते दाबा आणि घरी या. २००८ च्या पहिल्या अँड्रॉइड फोनला तर होम, बॅक, मेनू, फोन उचलायचं, फोन ठेवायचं अशी सगळी खरी बटणं होती. मग २०११ च्या सुमारास ती काचेच्या आत गेली, तेव्हापासून ती चित्रासारखी स्क्रीनवर उमटायला लागली, आणि २०१४ ला त्या चित्रांचे त्रिकोण, गोल, चौकोन झाले. २०१७ ला आयफोन दहाने गोल बटण काढून टाकलं आणि २०१९ ला अँड्रॉइड १० मध्ये तर आकृत्या पण जाऊन तळाला एक बारीक आडवी रेघ उरली. म्हणजे बारा वर्षांत बटण आधी हाताला लागायचं, मग नुसतं दिसायचं, आणि आता दिसत पण नाही, फक्त ज्याला माहीत आहे त्याला आहे. आणि मग आपणच म्हणतो की यांना जमत नाही.

त्रिकोण म्हणजे एक पाऊल मागे. कीबोर्ड उघडा असेल तर आधी तो जातो, मग मेसेज बंद होतो, मग यादी, असं एकेक. गोल म्हणजे थेट घरी, कितीही आत गेला असाल तरी. चौकोन म्हणजे आत्तापर्यंत काय काय उघडलं होतं त्याची पत्त्यांसारखी मांडणी, त्यातला पत्ता वर ढकलला की तो बंद. सॅमसंगमध्ये मागे जायची खूण उजवीकडे असते आणि इतर बऱ्याच फोनमध्ये डावीकडे, त्यामुळे फोन बदलला की दोन आठवडे चुकतंच, तुमचं पण चुकेल.

नुसती रेघ असलेल्या फोनमध्ये हेच सगळं बोट ओढून करायचं, तळापासून वर ओढलं की घरी, वर ओढून मध्येच थांबलं की पत्ते, आणि कडेवरून आत ओढलं की मागे. हा कडेचा प्रकार मोठ्या माणसांना सगळ्यात छळतो, कारण ते फोन पंजात गच्च धरतात, हाताची कड काचेवर येते, जरा हललं की फोनला वाटतं मागे जायला सांगितलं. अर्धा फॉर्म भरलेला असतो आणि तो गायब. म्हणून नवीन फोन घरात आला की मी पहिलं काम हे करते की सेटिंगमध्ये वर भिंगाचं चिन्ह असतं तिथे नॅव्हिगेशन असं शोधते आणि तीन बटणांचा पर्याय परत आणते. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये तो अजून आहे. दुकानदार हे सांगत नाहीत, पण अख्ख्या लेखातली एकच गोष्ट करायची असेल तर ही करा.

आता काच. काचेला बोट कळतं कसं? जोराने नाही कळत, हे आधी. काचेखाली डोळ्याला न दिसणारी, वीज वाहून नेणारी बारीक जाळी असते, आणि आपल्या अंगातून पण वीज वाहू शकते, त्यामुळे बोट जवळ गेलं की तिथला विद्युतभार अगदी किंचित बदलतो आणि कुठे बदलला हे फोन मोजतो. म्हणून नख लावलं तर चालत नाही, लोकरीचे हातमोजे घातले तर चालत नाही, साधं पेन चालत नाही. पाण्यातून पण वीज वाहते म्हणून ओल्या हाताने फोन वेड्यासारखा वागतो, पाण्याचा थेंब त्याला बोट वाटतो. आणि उलट, बोट फार कोरडं, भेगाळलेलं, कातडी जाड झालेली असेल तर फोनला ते नीट लागतच नाही. थंडीच्या दिवसात आजी म्हणते सकाळी फोन ऐकत नाही, ती खोटं बोलत नाहीये. जरा हात चोळून किंवा किंचित क्रीम लावून पुसून बघा. आणि चार्जिंगला लावलेला असतानाच फोन स्वतःहून काहीबाही उघडत असेल तर आधी चार्जर बदला, हलक्या चार्जरमधून येणारी गडबडलेली वीज त्या जाळीचं मोजमाप बिघडवते.

दाबून उपयोग नाही म्हटलं, मग फोन बघतो काय? बोट कुठे टेकलं, किती वेळ राहिलं आणि कुठल्या बाजूला सरकलं. हे इतकंच आहे सगळं. टेकवून लगेच उचललं की उघड. टेकवून तसंच ठेवलं की लाँग प्रेस, म्हणजे या वस्तूचं काय करायचं ते विचार. टेकवून ओढलं की सरकव. दोन बोटं टेकवून लांब केली की मोठं कर, चिमटीत आणली की लहान कर, फोटोला आणि नकाशाला हे चालतं.

आणि खरी अडचण कुठे आहे ते सांगते. टेकवणं आणि टेकवून ठेवणं यांच्यातली सीमा साधारण अर्ध्या सेकंदाची आहे. आपण पटकन बोट उचलतो, पण ज्यांनी आयुष्यभर दारावरची बेल, मिक्सरचं बटण, लिफ्टचं बटण नीट दाबून काम केलं त्यांचा हात दाबतो, थांबतो आणि मग उचलतो. आईचं बोट मी एकदा नुसतं बघत बसले होते. व्हॉट्सअ‍ॅपवर मामाचा मेसेज उघडायला तिने बोट ठेवलं, आलाय का उघडून म्हणून बघितलं, तेवढ्यात ती ओळ वेगळ्या रंगाची झाली आणि वर कचऱ्याच्या डब्याचं चिन्ह आलं, ती घाबरून अजून जोरात दाबायला लागली, मग दुसरी ओळ पण रंगली. तिच्या मते ती एकच साधी गोष्ट करत होती, फोनच्या मते ती मेसेज निवडत चालली होती. घरच्या स्क्रीनवरून अ‍ॅप गायब होतात ती पण अशीच, बोट रेंगाळलं, चिन्ह सुटं झालं, जरा हात हलला आणि ते वर काढून टाका लिहिलेल्या जागेवर गेलं.

याला उपाय आहे आणि तो फुकट आहे. सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी म्हणून भाग असतो, मराठीत फोन असेल तर प्रवेशयोग्यता असं काहीसं लिहिलेलं असतं, त्यात टच अँड होल्ड डिले असा पर्याय शोधा आणि तो लाँगवर ठेवा. मग बोट जास्त वेळ टेकलं तरी फोन लगेच लाँग प्रेस समजत नाही. आईचे निम्मे प्रॉब्लेम त्या एका सेटिंगने गेले, आणि मला स्वतःलाच वाईट वाटलं की तीन वर्षं मी तिला "अगं हलकं टच कर, हलकं" म्हणत होते.

फोन उचलणं हे पण शिकवावं लागतं हो. फोन हातात वापरत असताना कॉल आला तर वर छोटी पट्टी येते आणि हिरवं बटण नुसतं टेकवायचं असतं, पण फोन ठेवलेला असताना आला तर अख्खी स्क्रीन भरते आणि तेच हिरवं चिन्ह ओढायचं असतं, काही फोनमध्ये वर, काहींमध्ये आडवं. एकच काम, दोन रीती, आणि रिंग वाजतेय म्हणून घाई. शेजारच्या खोलीत जाऊन दहा वेळा कॉल करा त्यांना, सरावच लागतो. सॅमसंगमध्ये आवाज वाढवायच्या बटणाने फोन उचलायचं सेटिंग आहे, आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये पॉवर बटणाने कॉल संपवायचं पण. कानाजवळ एक छोटा सेन्सर असतो, कान जवळ आला की स्क्रीन बंद करतो म्हणजे गालाने काही दाबलं जाऊ नये. त्याच्यावर धूळ बसली किंवा जाड स्क्रीनगार्ड आलं की फोन कानापासून काढला तरी स्क्रीन काळाच राहतो आणि कॉल ठेवता येत नाही, अशा वेळी तो भाग पुसा आणि पॉवर एकदा दाबा. कॉल संपवायचं सेटिंग चालू केलेलं असेल तर मात्र पॉवर दाबल्यावर कॉल कापला जाईल, तेवढं लक्षात असू द्या.

वरून खाली ओढलं की दुकानाच्या शटरसारखा पडदा येतो. त्यात विमानाचं चिन्ह रंगलेलं असेल तर कॉल येणार नाहीत, हे चुकून दाबलं जाणं सगळ्यात कॉमन, "दोन दिवस आईचा फोन लागत नाही" यामागे कितीदा हेच निघतं. आणि फोनच्या कडेला सिम ठेवायच्या ट्रेला एक बारीक भोक असतं तसं माइकला पण असतं, पिन घालायच्या आधी नीट बघा, माइकमध्ये पिन घातली तर तो बिघडू शकतो आणि मग तुमचा आवाज पुढे जाणार नाही.

एक शेवटची आणि गंभीर. २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या मोबाइलमध्ये संकटात मदत मागायची सोय सक्तीची झाली. साध्या बटणांच्या फोनमध्ये ५ किंवा ९ दाबून धरायचं, स्मार्टफोनमध्ये पॉवर बटण तीनदा भराभर दाबायचं, आणि मदतीचा नंबर ११२. नव्या अँड्रॉइडमध्ये पाचदा दाबायचं एसओएस पण असतं. सेटिंगमध्ये सेफ्टी अँड इमर्जन्सी उघडून तुमच्या फोनला किती वेळा दाबावं लागतं ते बघा, आणि मेसेज कुणाला जाणार तिथे घरच्यांचे नंबर भरा. करून बघू म्हणून खरोखर दाबू नका, खराच कॉल लागतो.

रविवारी मावशीकडे गेले होते. तीन बटणं आणली, होल्ड डिले वाढवला, अक्षर मोठं केलं, स्टँडचा चिमटा आता फोनच्या बटणांच्या खाली लावायचा असं ठरलं. मग ती म्हणाली थांब, मला एकदा ते करून बघू दे. तिने दोन्ही टोकं दाबली, तोंडाने मोजलं, फोन बोलायला लागला. परत दाबली, गप्प. परत बोलता केला. काका आतून विचारायला आले काय चाललंय, तर तिने त्यांच्यासमोर अजून एकदा करून दाखवलं, आणि मग बारशाचे फोटो उघडून दोन बोटांनी नातीचा चेहरा मोठा करून बघत बसली.